विसापूरच्या हिशेबातून निघालेला कायदा : वि. स. पागे आणि रोजगार हमी

मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकावर एक बारीकशी ओळ असते, व्यवसाय कर. महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. बहुतेकांना ही कपात कशासाठी सुरू झाली ते माहीत नसतं. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावात सुचलेल्या कल्पनेला पैसा पुरवायला 1975 साली हा कर बसला. गाव तासगाव तालुक्यातलं विसापूर आणि कल्पना सुचलेला माणूस विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म 21 जुलै 1910 चा, वाळवा तालुक्यातल्या बागणीचा. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडायचा. बागणी कृष्णा-वारणेच्या बाजूला, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात. पुढे ज्या तासगाव तालुक्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्याची तऱ्हा वेगळी. जिल्ह्याच्या पश्चिमेला नदी, मळे, ऊस. पूर्वेला सरकत गेलं की पाऊस कमी होत जातो आणि तासगाव, कवठे महांकाळ, जत, आटपाडी असा पर्जन्यछायेचा टापू सुरू होतो. आज तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणा आठवतो, पण त्या काळात इथली ज्वारी पूर्णपणे पावसाच्या भरवशावर होती. पाऊस हुकला की गाडी मुंबईच्या गिरण्यांकडे. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं ज्यानं पाहिली, त्याला मागासलेपण म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

वकिलीचं शिक्षण झालं. स्वातंत्र्य चळवळीत ते उतरले. चाळीसच्या दशकात साताऱ्यात नाना पाटलांच्या पत्री सरकारचा काळ होता. गावानं स्वतःचा कारभार स्वतः करायचा, ही कल्पना या मातीत तेव्हाच रुजली होती. पागे स्वभावानं गांधीमार्गी, संतसाहित्याचे वाचक आणि अभ्यासक. बोलण्यात तुकोबा-ज्ञानोबा सहज येत. राजकारणात असूनही गटातटाच्या धुळीत त्यांचं नाव फारसं सापडत नाही. आणि त्यांच्या वाट्याला आलेलं पदही तसंच होतं.

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पागे विधान परिषदेचे सभापती झाले. 1978 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, मुख्यमंत्री बदलत गेले, सभापती तेच राहिले. मान मोठा, पण हातात तिजोरी नाही. सभापतीकडे खातं नसतं, निधी नसतो, एखाद्या रस्त्याला मंजुरी देण्याचाही अधिकार नसतो. सभागृहात तो कुठल्या बाजूनं भाषण करत नाही, समसमान मतं पडली तरच त्याचं मत. अशा जागी बसून राज्याच्या अंदाजपत्रकाची दिशा बदलणारी योजना पुढं रेटणं ही गोष्ट सोपी नव्हती. ती कशी झाली हेच पागे यांच्या आयुष्यातलं सांगण्यासारखं आहे.

विसापूरचं गणित

साल 1965. तिसरी पंचवार्षिक योजना संपत आली होती. धरणं, कारखाने, वीज यांवर पैसा लागत होता, आणि विसापूरसारख्या गावात सुगी संपली की मजूर रिकामा बसत होता. योजनेचे आकडे वाचताना पागे यांना एकच प्रश्न छळत होता. इतका पैसा खर्च होतो, तो या माणसाच्या हातात कधी पोचतो?

त्यांच्या घरातली एक गोष्ट या भागात आजही सांगितली जाते. काही शे रुपये हातात दिले तर आपल्या शेतावर किती माणसांना किती दिवस काम देता येईल, असं त्यांनी पत्नीला विचारलं. शेताचा व्यवहार बघणाऱ्या बाईनं बांधबंदिस्ती, विहिरीतला गाळ, ताली असा हिशेब घालून चटकन उत्तर दिलं. गोष्टीतले रुपये आणि माणसं सांगणाऱ्यागणिक थोडी बदलतात, पण मुद्दा बदलत नाही. कारखान्यात एक नोकरी तयार करायला जेवढं भांडवल लागतं, त्याच्या कितीतरी कमी पैशात गावात माणसाला काम मिळू शकतं आणि वर जमीनही सुधारते.

हा हिशेब त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्रानं कळवला. नाईक स्वतः शेतकरी, पुसदजवळच्या गहुलीचे, कोरडवाहू शेतीचं दुःख जाणणारे. त्यांनी पत्र फायलीत अडकू दिलं नाही. तासगाव तालुक्यातल्या गावांत प्रयोग करायला मान्यता मिळाली. काम मागेल त्याला काम, गावाच्या जवळ, आणि काम असं की ज्यातून गावाला काही उभं राहील. लोक तिला पागे योजना म्हणू लागले.

वरवर पाहता यात नवं काय, असं वाटेल. दुष्काळात सरकारनं कामं काढायची रीत जुनीच होती. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केल्या. पण त्या पद्धतीत आधी पीक बुडायचं, मग आणेवारी लागायची, सोळा आण्यांत सहा आण्यांच्या आत पीक आलं तर टंचाई जाहीर व्हायची, आणि मग कुठंतरी खडी फोडायचं काम निघायचं. टंचाई जाहीर करायची की नाही हे कलेक्टर कचेरीनं ठरवायचं. पाऊस बरा झाला आणि तरीही घरात दाणा नाही, अशा भूमिहीनासाठी त्या संहितेत ओळ नव्हती. त्याचा दुष्काळ दरवर्षी फेब्रुवारी ते मे असतो, तो आणेवारीत दिसत नाही.

पागे यांनी ही रीतच उलटी केली. काम हवं की नको हे मजूर ठरवेल, सरकारनं ते पुरवायचं. ऐकायला साधं वाटतं. पण अर्थ खात्याच्या बाजूनं बघितलं तर यासारखी धडकी भरवणारी दुसरी गोष्ट नाही.

कोरा चेक

अंदाजपत्रकाची शिस्तच अशी आहे की आधी आकडा ठरतो, मग खर्च. इतके कोटी रस्त्यांना, इतके शाळांना. ते संपले की संपले. मागेल त्याला काम म्हटलं की आकडा सरकारच्या हातातून निसटतो. एक लाख माणसं आली तर एक लाखाचा पगार, दहा लाख आली तर दहा लाखांचा. कुणी सही करावी अशा कोऱ्या चेकवर?

यावर पागे विचारसरणीचं उत्तर तीन पदरी होतं. पहिलं, काम अंगमेहनतीचं आणि मजुरी मोजमापानं, त्यामुळं ज्याला दुसरं बरं काम आहे तो इकडं फिरकणार नाही. यादी करायला नको, दारिद्र्यरेषा शोधायला नको, उन्हात कुदळ धरायला येतो तोच गरजू. दुसरं, सुगीत शेतावर काम असतं तेव्हा मागणी आपोआप खाली येते, म्हणजे खर्च बारमाही सारखा राहत नाही. तिसरं, पैसा वाया जात नाही, कारण त्यातून पाझर तलाव, नालाबंडिंग, बांध, रस्ते उभे राहतात. तासगावातल्या प्रयोगाचा खरा उपयोग हा होता की बोलण्यापेक्षा दाखवता आलं. 1972 मध्ये ही योजना राज्याच्या पातळीवर रोजगार हमी योजना म्हणून सुरू झाली.

इकडं दांडेकर आणि रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही गरिबांना काम देणं हाच मार्ग मांडला होता. पण त्याआधी सहा वर्षं ही गोष्ट विसापूरच्या बांधावर करून पाहिली गेली होती, एवढं नोंदवायला हवं.

बहात्तर

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारली तर ती आजही बहात्तरच्या आधी आणि बहात्तरच्या नंतर अशीच सांगतात. अमेरिकेची लाल मिलो, कामावर पोरांना मिळणारी सुकडी, आणि खडी. नवी योजना बाजूला ठेवून सरकारला टंचाईची कामं काढावी लागली. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं या कामांवर होती. एका राज्यात एका महिन्यात इतकी माणसं सरकारच्या मस्टरवर असणं ही जगाच्या दुष्काळ-इतिहासात नोंद झालेली गोष्ट आहे. भूकबळींचा तो डोंगर इथं उभा राहिला नाही, याचं श्रेय या कामांना दिलं जातं.

पण कामाचा दर्जा? घाईघाईत कामं निघाली, आधी आराखडे नव्हते, म्हणून जे हाताशी होतं ते काढलं. लाखो लोकांनी खडीचे ढीग घातले, आणि कित्येक ठिकाणी ते ढीग रस्त्यावर कधी पडलेच नाहीत. पैसा गेला, जीव वाचले, पण गावात पाणी अडलं नाही. पागे यांच्या म्हणण्यातला मधला धागा इथंच होता. कामं संकट आल्यावर शोधायची नसतात. प्रत्येक तालुक्यात कामांचा आराखडा आधी तयार हवा, मागणी आली की त्यातलं काम काढायचं. सरकारी भाषेत त्याला शेल्फवरची कामं म्हणू लागले. तहसील कचेऱ्यांत हा शब्द अजून चालतो.

दुष्काळ ओसरल्यावर योजना परत उभी करायची की गुंडाळायची, हा प्रश्न होता. संकट गेलं की खर्चाला कात्री लावायची सवय सगळ्याच सरकारांना असते. इथं उलटं घडलं. 1974-75 पासून योजना पुन्हा जोमानं सुरू झाली आणि तिला स्वतःचा पैसा मिळाला.

पैसा कुठून आणायचा

पागे यांचं नाव कामाच्या हमीशी जोडलं जातं. पण या योजनेतली अधिक धूर्त (चांगल्या अर्थानं) गोष्ट होती तिची पैशाची बाजू, आणि तिच्याकडं फार कमी लोक बघतात.

दुर्गम तालुक्यांचा अनुभव असा की अंदाजपत्रकात तरतूद दिसते, पण वर्षअखेरीला हातात काही येत नाही. मुंबईत एखादी नवी निकड निघाली की पहिली कात्री ज्याचा आवाज नाही त्याला लागते. उरलेलं मार्च एंडला परत जातं. रोजगार हमीसाठी म्हणून वेगळा निधी केला गेला आणि त्यासाठी वेगळे कर बसवले गेले. 1975 चा व्यवसाय कर त्यातला मुख्य. शिवाय विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर जादा आकारणी, बागायत जमिनीवर विशेष आकारणी, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर कर. आणि या करांतून जेवढं जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची.

यादी नीट बघितली तर कळतं की पैसा कुणाकडून घ्यायचा याचाही विचार झालेला आहे. पगारदार, व्यापारी, गाडीवाले, पाण्याखालची जमीन असलेले, शहरातले इमारतमालक. यांतला मोठा वाटा अर्थातच मुंबईतून यायचा. दुष्काळात गावाकडचे लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येतात हे बहात्तरला सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळं शहरानं या करावर फार खळखळ केली नाही. गावात काम राहिलं तर शहरावरचा ताण कमी, हे व्यापाऱ्यालाही पटत होतं. गावातल्या मोठ्या बागायतदाराचंही पूर्ण नुकसान नव्हतं, कारण पाझर तलाव आणि रस्ते शेवटी शेतीच्याच उपयोगाचे. प्रत्येकाला थोडं द्यावं लागलं आणि थोडं मिळालं. म्हणूनच कायदा करायची वेळ आली तेव्हा सगळे पक्ष एका बाजूला होते.

रोजगार हमीचा कायदा 1977 साली दोन्ही सभागृहांनी एकमतानं मंजूर केला. वरच्या सभागृहात त्या वेळी सभापतीच्या खुर्चीवर पागेच होते. बारा वर्षांपूर्वी पत्रातून मांडलेली कल्पना विधेयक होऊन त्यांच्यासमोर आली, आणि तिच्या बाजूनं भाषण करायची मुभा मात्र त्यांना खुर्चीमुळं नव्हती. राष्ट्रपतींची संमती 1978 मध्ये आली. तोवर पागे पदावरून उतरले होते. 26 जानेवारी 1979 पासून कायदा अमलात आला.

कायद्यात काय होतं

अठरा वर्षांवरच्या, अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या ग्रामीण भागातल्या कुणाही माणसानं काम मागितलं तर पंधरा दिवसांत काम द्यायचं. देता आलं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. एक रुपया तेव्हाही फार नव्हता. पण तो दान म्हणून नव्हता, सरकार चुकलं म्हणून भरावा लागणारा दंड होता, आणि त्यातच सगळा फरक आहे. कामावर ठेकेदार नको. खर्चातले 60 टक्के तरी मजुरीवर गेले पाहिजेत, साहित्य वगैरेवर 40 च्या आत. बाई आणि पुरुष यांना एकाच कामाचा एकच दर. शेतावर बाईला निम्मी मजुरी हा रिवाज असलेल्या गावांत ही गोष्ट लहान नव्हती. हमीच्या कामांवर बायकांची संख्या मोठी राहिली याचं एक कारण हेच. कामावरच्या तान्ह्या पोरांना सांभाळायची सोय करायचीही तरतूद होती. किती ठिकाणी ती झाडाला बांधलेल्या झोळीपलीकडं गेली, हा भाग वेगळा.

1979-80 मध्ये योजनेवर वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचं काम झालं. हजारो पाझर तलाव, बांध, गावरस्ते या काळातले आहेत. आज दुष्काळी तालुक्यात ज्याच्या खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असतं असा एखादा जुना पाझर तलाव दिसला, तर त्याची माती वाहणारी बाई याच मस्टरवरची असण्याची शक्यता बरीच आहे. कामावर गेलो होतो असं न म्हणता लोक हमीवर गेलो होतो असं म्हणायचे. एक सरकारी शब्द इतक्या घरात शिरल्याची उदाहरणं कमी आहेत.

खोट नव्हती असं नाही. काम उघडायला किमान पन्नास मजूर हवेत अशी अट होती. सपाटीच्या मोठ्या गावाला ती जमायची. पण डोंगरातल्या पंधरा उंबऱ्यांच्या वाडीनं, एखाद्या पाड्यानं पन्नास माणसं कुठून आणायची? ज्यांना योजनेची सर्वांत जास्त गरज, तेच या अटीत अडकायचे, आणि डोंगरी भागासाठी ती सैल करावी लागली. पगार आठवड्याला व्हायचा तो महिना-महिना लांबायचा. मोजमापात मुकादम आणि मिस्त्री यांची मर्जी चालायची. मस्टरवर मेलेली माणसं आणि न केलेली हजेरी लागायची. हमीला अर्धे-अर्धे वाटून घेण्याचं यमक जुळवून लोकांनी जी म्हण केली, ती या योजनेइतकीच गाजली. जमीन सुधारायची ती बऱ्याचदा ज्याच्याकडं आधीच होती त्याची. भूमिहीनाला मजुरी मिळाली, तलावाचं पाणी मिळालं नाही, हा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि तो खोडून काढता येत नाही.

पैशाच्या बाजूलाही पुढं गंमत झाली. नव्वदच्या दशकापासून कर गोळा होत राहिला, पण कामांवरचा खर्च त्या मानानं वाढला नाही. ज्या निधीला मार्च एंडच्या कात्रीपासून वाचवण्यासाठी वेगळा केला होता, त्यातली शिल्लक इतर गरजांसाठी वापरायचा मोह सरकारांना होऊ लागला. पगारपत्रकावरची ओळ मात्र तशीच राहिली.

शेवटची वर्षं

सभापतिपद सोडल्यानंतरही पागे यांनी या विषयाचा पिच्छा सोडला नाही. सत्तेच्या जवळ एवढी वर्षं राहिलेल्या माणसाच्या मागं साधारणपणे साखर कारखाना, शिक्षणसंस्था, बँक असं काही उभं राहतं. पश्चिम महाराष्ट्रात तर तो नियमच. पागे यांच्या मागं तसं साम्राज्य नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यांची आठवण काढणारे मेळावेही त्यांच्या कामाच्या मानानं कमी होतात. वसंतदादा, यशवंतराव, राजारामबापू यांच्या रांगेत सांगली जिल्ह्यातल्याच नव्या पिढीला पागे हे नाव सांगावं लागतं.

1988 मध्ये हमीच्या मजुरीचा दर शेतमजुरांच्या किमान वेतनाला जोडला गेला आणि मजुरी एकदम वाढली. कायद्याच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण कमी मजुरीमुळं फक्त गरजूच येतात हा मूळ हिशेबातला एक पदर त्यानं सुटला, आणि नंतरच्या वर्षांत कामांची संख्या का घटली यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झाला. मजुरी वाढवली की कामं रोडावतात, कमी ठेवली की पोट भरत नाही. हा पेच पागे यांच्या हयातीतच उभा राहिला होता.

16 मार्च 1990 ला ते गेले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2005 मध्ये, संसदेनं देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. 2 फेब्रुवारी 2006 ला तो पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, साठ-चाळीसचं प्रमाण, ठेकेदाराला बंदी. कलमं वाचत गेलं की महाराष्ट्राचा 1977 चा कायदा ओळखू येतो. एक फरक होता. दिल्लीच्या कायद्यानं वर्षाला कुटुंबामागं शंभर दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती, म्हणून शंभर दिवसांच्या पुढं मजुरानं काम मागितलं तर त्याचा खर्च राज्यानं आपल्या तिजोरीतून करायचा, अशी व्यवस्था इथं ठेवावी लागली.